पंखवालं कासव

नानांनी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात बरोबर मध्यावर बसवलं, तळहाताने कडा सपाट केल्या आणि पाकीट यंत्राच्या तोंडात सरकवलं. यंत्राने ते कुरकुरत आत ओढलं आणि पलीकडून सावकाश, गरमागरम बाहेर सोडलं. नानांनी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. एकही बुडबुडा नव्हता. चित्रातलं पंखवालं हिरवं कासव आता पाण्यात बुडालं असतं तरी त्याला काही झालं नसतं. कासवाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट नव्हती, पण कागदाच्या दृष्टीने होती.

नानांची सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. कसर, वाळवी, ओल आणि साहेब अशा चौघांपासून त्यांनी तिथले कागद वाचवले. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी भेट काय देऊ म्हणून विचारलं, तेव्हा घड्याळ नको, लॅमिनेशनचं यंत्र द्या, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले तेव्हा हातात दोनच गोष्टी होत्या, कपड्यांची बॅग आणि हे यंत्र. तेव्हापासून त्या घरात जो कागद क्षणभर स्वस्थ पडे तो लॅमिनेट होई. औषधांच्या वेळा झाल्या, कपडे धुण्याच्या यंत्राच्या सूचना झाल्या, एकदा विजेचं बिलही झालं, तेही भरायच्या आधी.

ते चार दिवसांसाठी आले होते आणि त्या चार दिवसांना आता बरेच महिने उलटले होते. जा असं कोणी म्हटलं नव्हतं. राहा असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे बॅग पलंगाखाली अर्धी भरलेलीच होती. त्यांच्या स्वतःच्या जागेतला भाडेकरू महिनाअखेर जागा सोडणार होता, म्हणजे आता कोणीतरी काहीतरी म्हणायची वेळ जवळ आली होती. ते जावयाने म्हणावं अशी नानांची फार इच्छा होती. पण जावई आणि ते एकमेकांना अहो-जाहो करत. त्या घरात सर्वांत जास्त आदर या दोघांमध्ये होता आणि सर्वांत कमी बोलणंही या दोघांमध्येच होतं.

अपवाद मागच्या रविवारचा. त्या दिवशी जावयाने कपाटातून आपली कार्डं काढली होती. लहानपणी चॉकलेटच्या वेष्टनात मिळायची ती, प्राण्यांची. प्रत्येकाला ताकदीचा आकडा, आणि दोन पोरांनी एकमेकांसमोर टाकून खेळायचं. मोठ्या माणसाने ही असली चित्रं मखमलीवर मांडून ठेवावीत याचं नानांना नवल वाटलं, पण विषय कागदाचा होता म्हणून ते जवळ सरकले.

"यात सगळ्यात मोलाचं कोणतं?"

"हे कासव," जावई म्हणाला. त्याने ते जाड पारदर्शक डबीतून बाहेर काढलं नाही, डबीच पुढे केली.

"हे एवढं कशामुळे?"

"कोणालाच नको होतं म्हणून."

जावई आपली फिरकी घेतोय की काय, म्हणून नानांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो गंभीर होता.

"खेळात याची ताकद सगळ्यात कमी हो. कशाहीपुढे टाका, हरणारच. पोरं फेकून द्यायची. मग कंपनीनेही छापायचं बंद केलं. आता उरलीत थोडी, म्हणून सगळ्यांना पाहिजे."

"म्हणजे नालायक म्हणून दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून लायक."

"असंच काहीसं. आणि कोपरे बघा, चारही कसे टोकदार आहेत. याच्याशी कधी कोणी खेळलंच नाही."

"खेळायच्या वस्तूशी खेळलं नाही म्हणून किंमत?"

"हो."

हे मात्र नानांना चटकन पटलं. कधीच कशाला हात न लावता वर चढलेली माणसं त्यांनी कचेरीत बरीच पाहिली होती.

"तुम्हाला कुठे मिळालं?"

"दादाने दिलं." जावयाने डबी आपल्याकडे वळवली. "दादाने न मागता दिलेली आयुष्यातली एकच गोष्ट. बाकी सगळं घेतलंच. खिडकीजवळचा पलंग घेतला, सायकल घेतली, पुढे वडिलांचं दुकान घेतलं. पण मी आजारी होतो तेव्हा कुठून तरी हे आणलं आणि उशाशी ठेवलं. काही बोलला नाही. आता वाढदिवसाला फोन येतो तेवढाच." मग तो हसून म्हणाला, "विकायचं नाहीये मला. पण एक पारखी बाई आहेत, त्या येत्या रविवारी बघायला येणार आहेत. अस्सल आहे असा त्यांचा एकदा दाखला मिळाला की झालं."

नानांना तो रविवार फार आवडला होता.

आज जावयाने बाईंना पाठवायला फोटो काढावा म्हणून कार्ड डबीतून बाहेर काढलं, तेवढ्यात कामावरून फोन आला आणि तो तसाच घाईने निघून गेला. कार्ड जेवणाच्या टेबलावर उघडं राहिलं, पाण्याच्या ओल्या पेल्यापासून बोटभर अंतरावर. रेकॉर्ड रूममधल्या माणसाने असं दृश्य बघून स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी जावई परत आला. नानांनी ते टेबलावर मुद्दाम त्याच्या जागेसमोर ठेवलं होतं. त्याने ते उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"दोन्ही बाजूंनी झालंय," नाना म्हणाले. "आता काळजी नाही."

"छान झालंय," जावई म्हणाला.

आणि कार्ड तिथेच ठेवून तो न जेवता आत गेला.

काय झालं ते मुलीने सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण लहान पोराला समजवावं तशी ती हळू आवाजात बोलत होती.

"नाना, त्या कार्डाला एक ओरखडा गेला तरी किंमत उतरते. तुम्ही त्याला वितळलेलं प्लास्टिक चिकटवलंत."

"ओल लागली असती गं."

"लागली असती तर पुसली असती. हे निघतं का आता?"

लॅमिनेशन निघत नाही हीच तर त्याची थोरवी, असं नाना आजवर सर्वांना सांगत आले होते.

"यंत्र मी माळ्यावर ठेवते," मुलगी म्हणाली. "आणि त्यांना काही दिवस काही विचारू नका."

नाना आपल्या खोलीत गेले. पलंगाखालची बॅग बाहेर ओढून त्यांनी दोन सदरे तिच्यात ठेवले, मग एक परत काढला. जा असं म्हणण्याइतका जावई वाईट नव्हता. पण आता तो राहा असं म्हणणार नव्हता हेही तितकंच खरं होतं, आणि कोणी न म्हणता राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात फर्निचर होऊन राहायचं.

दुसऱ्या दिवशी जावई आणि मुलगी कामावर गेल्यावर त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि पारखी बाईंचं दुकान गाठलं. पत्ता शोधायला त्रास पडला नाही. बाईंचं व्हिजिटिंग कार्ड त्यांनीच लॅमिनेट करून फ्रिजवर लावलेलं होतं.

दुकान एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं, एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला शिंपी. बाईंच्या गळ्यात एक चष्मा होता आणि डोळ्यांवर दुसरा. नानांनी कार्ड पुढे ठेवलं, आणि त्याची हकिगतही.

"काका, हे कोणी केलं?"

"मीच. काढता येईल का तेवढं सांगा. तापवून, गोठवून, काही करून."

"सुबक केलंय मात्र," बाई म्हणाल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या. "काढता येणार नाही. आणि काढायची गरजही नाही. नक्कल आहे."

"कसली?"

"कासवाची. हे बघा." त्यांनी भिंग नानांच्या हातात दिलं. "खऱ्या कार्डावर काळी शाई वेगळी छापतात, अक्षरं सलग दिसतात. ही बघा, ठिपक्यांची आहेत. म्हणजे कोणीतरी खऱ्या कार्डाचा फोटो घेऊन त्यावरून छापलीत. त्या काळी शाळांबाहेर मिळायची अशी, मूठमूठभर."

नानांनी पाहिलं. कासवाच्या नावात मुंग्यांची रांग लागली होती.

"म्हणजे मी लॅमिनेट केलं नसतं तरी..."

"तरी हेच सांगितलं असतं. आता रविवारी मी येत नाही. जावयांना तुम्हीच सांगाल ना?"

"मीच सांगतो," नाना म्हणाले, आणि वयाला न शोभेल अशा चालीने जिना उतरले.

बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं. 'अहो, ऐकलंत का, गंमतच झाली' हे त्यांनी नापास केलं. फारच हलकं होतं. 'एक वाईट बातमी आहे आणि एक चांगली' हेही नको, कारण चांगली कोणाला आणि वाईट कोणाला असा प्रश्न निघाला असता. शेवटी 'बाईंनी एक गोष्ट सांगितली' इथून सुरुवात करायची असं ठरवून ते आपल्या थांब्यावर उतरले. गुन्हाच घडला नव्हता. बॅगेतले कपडे कपाटात लावायला हरकत नव्हती.

जावई त्या दिवशी लवकर घरी आला होता. तो टेबलाशी बसून ती जाड पारदर्शक डबी मऊ फडक्याने पुसत होता. डबी रिकामी होती आणि स्वच्छही होती, तरी तो पुसत होता.

"कुठे गेला होतात?" त्याने विचारलं.

"त्या पारखी बाईंकडे." नानांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "म्हटलं, काही उपाय आहे का बघावं."

जावयाचा हात थांबला.

"बघितलं त्यांनी?"

"भिंगाने बघितलं."

"मग?" त्याने घसा साफ केला. "नाही, लॅमिनेशनचं जाऊ द्या हो. ते झालं ते झालं. दादाने दिलेलं ते... कसं होतं म्हणाल्या?"

नानांनी बसमध्ये जुळवलेलं वाक्य तोंडाशी आणलं. जावई त्यांच्याकडे पाहत होता. केस पिकायला लागलेला माणूस, पण या घटकेला तो तापाने अंथरुणात पडलेल्या मुलासारखा दिसत होता, उशाशी कोणी काही ठेवलंय का ते चाचपणारा. नोकरीभर नानांनी नकलांवर 'अस्सल बरहुकूम' असा शिक्का मारला होता, पण अस्सल कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्याशिवाय एकदाही मारला नव्हता.

"अस्सल होतं म्हणाल्या," ते म्हणाले. "चारही कोपरे शाबूत. असं फार दिवसांत पाहिलं नव्हतं म्हणाल्या. कोणत्या गाढवाने याची ही दशा केली, असंही विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, समोर उभा आहे."

जावयाच्या नाकातून एक आवाज आला आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मुलगी दारात येऊन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"ऐकलंस का?" तो तिला म्हणाला. "अस्सल होतं. मी म्हणत नव्हतो? आणि तुझ्या वडिलांनी त्याला रेनकोट घातला."

पुढचा तासभर तो फोनवर होता. ज्या मित्रांना कासव आहे हे कधी सांगितलं नव्हतं, त्यांना ते आता नाही हे सांगत होता. दर फोनला हकिगत थोडी सुधारत गेली. तिसऱ्या फोनपर्यंत पाण्याचा पेला सांडलेला होता. चौथ्यात बाईंना दुकानातच चक्कर आली. नाना शेजारी बसून, विचारलं की मान हलवत होते. शेवटी त्याने थोडा विचार केला आणि आणखी एक नंबर लावला.

"दादा? नाही रे, वाढदिवस नाही. सहज केला. तू दिलेलं ते कासव आठवतं? हो, तेच, पंखवालं. अरे, अस्सल निघालं ते. आणि ऐक पुढे, लॅमिनेट झालं. आमच्या नानांनी केलं. सासरे रे. इथेच असतात ते आता."

ते वाक्य जावयाने इतकं जाता जाता टाकलं की ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. नानांनी मात्र ऐकलं आणि समोरचा पेला उगाच उचलून परत ठेवला.

पलीकडे दादा बराच वेळ काही बोलला नाही. जावयाने फोन कानापासून दूर धरून पाहिला, लागलेला होता. मग तिकडून काहीतरी आलं.

"तुम्हाला द्या म्हणतोय," जावई म्हणाला आणि त्याने फोन पुढे केला.

नानांनी तो घेतला आणि ते खिडकीपर्यंत चालत गेले. आवाज जाड होता, खाली दाबलेला.

"नमस्कार. त्या बाईंनी खरंच पाहिलं का ते?"

"पाहिलं."

"भिंगाने?"

"भिंगाने."

"आणि तुम्ही त्याला अस्सल म्हणून सांगितलंत."

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळलेले कपडे काढत होतं.

"हो," ते म्हणाले.

"शाळेबाहेर मूठभर मिळायची ती," दादा म्हणाला. "त्यातलंच एक. मला काय माहीत तो एवढा जपेल." मग त्याने घसा साफ केला, अगदी धाकट्यासारखाच. "बरं, द्या त्याला फोन. आणि तुम्ही... बरं."

नाना परत आले. फोन घेताना जावयाने त्यावर हात ठेवला.

"काय म्हणाला दादा?"

"हळहळले," नाना म्हणाले. "फार हळहळले."