घरचा कापूस

पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर दवाखाना टाकून डॉक्टर स्वप्नालीला वर्षही झालं नव्हतं, आणि आता शटर कायमचं ओढायची पाळी आली होती. रूट कॅनॉल अर्धं करून गेलेली माणसं पपईएवढा गाल घेऊन परतत होती! आणि तीही सगळी सासरच्याच गावची. बाहेरगावच्या कुणाला काही म्हणजे काही होत नव्हतं.

तिने काय नाही केलं? सुया बदलल्या, पाणी बदललं, अवजारं दोन-दोनदा वाफेत घातली. शेवटी एकाच्या दातातला पू धुळ्याला तपासायला पाठवला. आज तिथून तिच्या मैत्रिणीचा, रुचिकाचा, फोन आला.

"अगं, हा एंटेरोकोकस आहे. आतड्यातला जंतू! माणसाच्या विष्ठेत असतो, गुराढोरांच्याही. दाताच्या मुळात एकदा घुसला की उपाशीपोटी तग धरतो, तू दातात भरतेस त्या चुन्याच्या औषधालाही भीक घालत नाही. स्वप्ना, रागावू नकोस, पण हात नीट धुतेस ना?"

स्वप्नालीच्या पायाखालची जमीनच सरकली. विष्ठेतला जंतू, आणि तिच्या हातून? तिने स्वतःची नखं निरखली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात चुलतसासरे लोटनआबा आत आले. गावभर तिची तारीफ करत फिरणारा माणूस, आणि आज त्यांचाही गाल टम्म!

तिने आबांचा दात तपासला. औषध भरलं की त्यावर मोहरीएवढा कापूस ठेवून ती वरून पुढच्या खेपेपर्यंतचं कच्चं सिमेंट लावायची. इथे सिमेंट नव्हतंच, आणि चिमट्यात कापूस येतच राहिला, लांबच लांब. पाठोपाठ पाचोळ्याचा चुरा निघाला आणि सरकीचं टरफल. पाकिटातल्या कापसात सरकी?

"आबा, हा कापूस कुठला?"

"मन्हा घरना! एक नंबर शे," आबा सुजल्या तोंडानेही फुशारले. "ऊस खाता खाता वरनं सिमेंट पडनं. दखं, तं आत कापूसना बोळा! म्हन्लं, पोरगी ईसरी गयी. तो मी फेका, मंग आपला चोख्खा भरा."

चोख्खा! आबांच्या ओसरीतला तो कापसाचा ढीग तिच्या डोळ्यांपुढे आला. रोज सकाळी त्याच्यावरून शेळ्या हाकलाव्या लागत, लेंड्या वेचाव्या लागत.

"आणि बाकीच्यांच्या दातांत?" तिने विचारलं.

"समदास्ना मीच सिमेंट कोरीसन बदला. आनी सांगी ठेयेल शे, दवाखानामा जावाना पहिले बोळा काढी टाका, डॉक्टरीणले कळाले नको. तुन्हं नाव खराब व्हई ना, बेटा."

स्वप्नालीने चिमटा खाली ठेवला. अख्ख्या गावाने तोंडं सुजवून घेतली, पण सून दातात कापूस विसरते हे तिच्या कानी जाऊ दिलं नव्हतं. ओरडायचं तरी कुणावर?

"आबा, तुमच्या कापसात शेळ्यांची घाण होती. तीच सगळ्यांच्या दातांत चढलीय. गाव बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

"ओ माय!" आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मन्हामुये? काय सांगू त्यास्ले?"

"सांगा, सून काही विसरली नव्हती."