काकूंनी कापलेले फोन

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. दागिन्यांची नव्हे, बत्तीस सिमकार्डांची! कारखान्यातून निघाले तेव्हा मोठी कामगिरी करायची स्वप्नं होती. नशिबी आली चोरवाट.

एका शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या मागच्या खोलीत एका भाडेकरूने मला ठेवलं. "हवामानाचं यंत्र आहे, हात लावू नका," असं त्याने काकूंना बजावलं. खरं काम वेगळंच होतं. परदेशातून आलेला फोन मी इंटरनेटवरून घ्यायचे आणि इथल्याच एखाद्या सिमवरून पुढे सोडायचे. परदेशी फोनचे फोन कंपनीला मिळायचे पैसे बुडायचे आणि समोरच्याला इथलाच कुठलातरी अनोळखी नंबर दिसायचा. भाडेकरू माझी पाठ थोपटायचा, मीही फुगायचे.

एक दिवस काकूंच्याच लेकीचा फोन माझ्यातून आला. ती परदेशात होती, दिवस भरले होते. पण शेजारणीला फोनवरून कुणीतरी गंडा घातल्यापासून काकू अनोळखी नंबर घेतच नसत. त्यांनी फोन कापला. रोज नवा नंबर, रोज तेच. "आई, उचल ना गं," असं लेक घंटा वाजत असताना पुटपुटायची. भिंतीपलीकडे काकू मशीन थांबवून म्हणायच्या, "पोरीचा फोन का येत नाही?" त्यांच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे. दोघींच्या मध्ये मी होते, आणि मला तोंड नव्हतं. फार लाज वाटायची.

शेवटी वैतागून काकू फोन कंपनीत गेल्या. "रोज कुणीतरी छळतंय," म्हणून सगळे नंबर लिहून दिले. ते सारे नंबर एकाच जागेवरून बोलतात, हे तिथे लक्षात आलं. तपासणारे थेट काकूंच्याच दारात! भाडेकरू पसार झाला होता. त्यांनी माझी वायर उपटली आणि मला शिवणयंत्राशेजारी ठेवून कागद लिहायला घेतले.

तेवढ्यात फोन वाजला. माझी वाट बंद झाल्याने तो सरळ वाटेने आला होता, लेकीच्या स्वतःच्या नंबरावरून.

"आई! परवा मुलगी झाली! किती फोन केले, तू कापत का होतीस?"

"अगं बाई, ती तू होतीस?" काकूंनी कपाळावर हात मारला. "मी तर तुझीच तक्रार करून आले गं!"

तपासणारेही हसले. मला तर हायसं वाटलं.

आता मी एका कपाटात पडून आहे. इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. मित्रांनो, माझं मागणं उलटं आहे. मला खुशाल विसरा, पुन्हा कुणी जोडू नका. आईला लेकीचा फोन लेकीच्याच नंबरावरून येऊ द्या.