वीस मीटरचा दोर

शर्यतीला अजून तासभर अवकाश होता. रंजीताच्या आईने, बायनाबाईंनी, गाठोडं सोडलं नसतं, तर रश्मी रामटेकेचा तो तास इतर शिक्षकांसारखाच सावलीत बसून गेला असता.

गाठोड्यात रात्रीच्या मुक्कामाची गोधडी होती, दोन चादरी होत्या आणि मधोमध भाताचा डबा. बायनाबाईंना डबा हवा होता. त्यांनी गाठी सोडून दोर बाजूला टाकला, आणि त्याच्या टोकाला बांधलेली लाल चिंधी रश्मीला दिसली.

"बायनाबाई, हा शाळेचा दोर ना?"

"हो मॅडम. घरी दुसरा कुठी होता? काल शाळेतूनच आनला रंजीतानं. नेऊन ठेवतो म्हनलं वापस."

"असू दे," रश्मी म्हणाली आणि दोर हातात घेऊन गुंडाळू लागली. वस्तू उघड्यावर पडलेली तिला पाहवत नसे.

दोर अंबाडीचा होता. रंजीताच्या बापाने, पोचू नरोटेने, दिवाळीनंतर स्वतः वळून दिला होता. धानोऱ्याच्या बाजूला असलेल्या जांभूळटोल्याच्या त्या शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग होते. खेळाचे शिक्षक नव्हते आणि मोजायला एक लाकडी मीटरपट्टी तेवढी होती. रश्मी विज्ञान शिकवायची. गतीचा धडा आला की ती पोरांना वर्गाबाहेर काढायची. हातपंपापासून फाटकापर्यंत धावा, घड्याळ लावा, अंतराला वेळेने भागा. सगळ्यांची उत्तरं जवळपास सारखी यायची. एकदा एकीचं उत्तर एवढं मोठं आलं, की रश्मीला वाटलं घड्याळ दाबणाऱ्या पोराने घोळ घातला. तिने त्या मुलीला पुन्हा पळवलं. पुन्हा तेच उत्तर आलं. ती रंजीता.

मग मोजलेलं मैदान हवं झालं. मीटरपट्टीने आठशे मीटर मोजणं म्हणजे वेड लागायची पाळी. सुदैवाने रस्त्याच्या कामावर एक ओव्हरसियर आले होते. त्यांच्याकडून अर्ध्या दुपारपुरती टेप मिळाली. तिने वीस मीटर दोर मापून घेतला आणि दोन्ही टोकांना लाल चिंध्या बांधल्या. पुढे शाळेमागच्या पडीत जागेत त्याच दोराने गोल आखून चुन्याच्या रेघा ओढल्या. दहा दोरांची एक फेरी, म्हणजे दोनशे मीटर. चार फेऱ्यांचे आठशे. जानेवारी संपेपर्यंत रंजीता ते आठशे मीटर दोन मिनिटं अडतीस सेकंदांत पळू लागली होती.

निवासी क्रीडा शाळेच्या निवडीसाठी आजच्या शर्यतीत दोन चाळीसच्या आत यायला हवं होतं. आत आलं, की बारावीपर्यंतचं शिक्षण तिथंच. नाही आलं, तर एप्रिलमध्ये आठवी संपणार आणि रंजीता घरी बसणार, तिची मोठी बहीण बसली तशी. जवळच्या वसतिगृहात जागा नव्हती आणि रोज ये-जा करावी अशी बसही नव्हती. पोचू आधी तयारच नव्हता. "तिकडं नेऊन परत आनली, तं पोरीचं मन मोडन मॅडम," तो म्हणाला होता. त्यावर रश्मीने एकच वाक्य उच्चारलं होतं, "ती वेळेत येते, भाऊ. मी मोजलंय."

गुंडाळलेला दोर हातात घेऊन ती मैदानाच्या कडेने निघाली, तेव्हा गोळाफेकीच्या जागेपाशी पांढरी टोपी घातलेले एक सर जमिनीवर स्टीलची टेप पसरून खुणा करत होते. नागसेन सर. स्पर्धेची आखणी त्यांच्याकडे होती आणि सकाळच्या चहापासून त्यांची तिच्याशी ओळख झाली होती.

"मॅडम, दोर घेऊन कोनाले बांधाले निघाल्या? पंचाले?"

"तुम्हालाच," रश्मी हसून म्हणाली. "सर, एक मिनिट टेप अशीच राहू द्याल? हा दोर वीस मीटरचा आहे. सहज लावून बघते."

सहजच. तिच्या मनात तेव्हा काहीही नव्हतं. एक चिंधी शून्यावर धरायला तिने नागसेन सरांना सांगितलं आणि दुसरं टोक घेऊन ती चालत गेली. दोर सरळ केला, वाकून पाहिलं. वीसच्या आकड्यावर नुसताच दोर होता. चिंधी पुढे होती, साठ सेंटीमीटर पुढे.

तिने पुन्हा लावला. साठच.

"वाढला का?" सरांनी पलीकडून विचारलं. "वाढतेच थो. आमच्या घरचा बैलाचा दोर तं दर साली हात-हातभर वाढते!"

रश्मीला हसता आलं नाही. दोराला साठ सेंटीमीटर, दहा दोरांना सहा मीटर, चार फेऱ्यांना चोवीस मीटर. आपला दोर चुकीचा, म्हणजे मैदान चुकीचं. आपण जास्तीचं अंतर धरून बसलो. पोर आठशे पळतच नव्हती, सातशे शहात्तरच पळत होती. सातशे शहात्तरला दोन अडतीस लागत असतील, तर आठशेला किती? हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला. दोन त्रेचाळीस. तीन सेकंद उशीर.

मी मोजलंय, असं तिने पोचूला सांगितलं होतं.

रंजीता पलीकडे एकटीच पाय मोकळे करत होती. तिचे बूट नवे नव्हते, पण लेस धुतलेल्या होत्या. रश्मी जवळजवळ धावतच तिच्याकडे गेली.

"रंजीता, ऐक. आज पहिल्या पावलापासूनच जोर लाव."

"काऊन मॅडम?" रंजीता थांबली. "रोज तं तुमीच म्हनता, पहिले दम राखाचा, मंग शेवटी सोडाचा."

"आज नाही राखायचा. आज वेळ पुरणार नाही."

"शेवटपर्यंत दम पुरन का पन?"

तेवढ्यात शिट्टी झाली आणि आठशे मीटरच्या मुलींना कठड्याच्या आत बोलावलं गेलं. रंजीता गेली. जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. सकाळपासून ती पोर निवांत होती, आता तिचे खांदे वर चढले होते.

बायनाबाई डबा घेऊन तशाच बसल्या होत्या. "काय झालं मॅडम? तुमचं तोंड काऊन असं उतरलं?"

"दोर ताणला गेलाय, बायनाबाई. मैदान चुकलं."

"ताननच ना!" बायनाबाईंना त्यात नवल वाटलं नाही. "बालदिनाले तुमीच तं रस्सीखेच ठेवली. इकून पंधरा पोट्टे, तिकून पंधरा पोट्टे. दोर तुटला नाई हेच नशीब. माह्या घरच्यानं वळला म्हनून."

बालदिन. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर. टेपने दोर मापला तो त्याआधी, आणि चुना तर बालदिनाच्या पुढच्या आठवड्यात आला होता. तेव्हा रेघा ओढताना दोर ताणलेलाच होता, यात शंका उरली नाही. रश्मी खाली बसली. दुसरं काही सुचेना, म्हणून वर्गात एखादं पोर गणितात अडकलं की ती त्याला जे करायला लावायची, तेच तिने स्वतःला करायला लावलं. चूक लहान असली की डोळ्यांना दिसत नाही. ती मोठी करून पाहा.

समजा, दोर साठ सेंटीमीटर नाही, चांगला दुप्पट ताणला गेला. वीसचा चाळीस मीटर झाला. आपल्याला ते ठाऊक नाही. आपण तो दहा वेळा टाकतो आणि म्हणतो, झाले दोनशे मीटर. पण जमिनीवर किती पडले?

चारशे.

पोर चार फेऱ्या मारते. आपण म्हणतो आठशे, आणि ती पळालेली असते सोळाशे.

रश्मी उठून उभी राहिली. दोर लांब होता म्हणूनच मैदान मोठं होतं. सातशे शहात्तर नाही, आठशे चोवीस! चार महिने ती मुलगी रोज चोवीस मीटर जास्त पळत होती आणि तरीही दोन अडतीसमध्ये येत होती. मग खऱ्या आठशेला तिला दोन तेहतीस लागणार. मापात चूक झाली होती, पण ती पोरीच्या बाजूने झाली होती. आपण मात्र तिची दिशा उलटी धरली आणि आत्ताच तिला सांगून आलो, की जीव तोडून सुटायचं. तशी सुटली, तर दुसऱ्या फेरीत ती उभीसुद्धा राहणार नाही.

ती कठड्याकडे धावली. तिथल्या स्वयंसेवकाने हात आडवा केला.

"आत नाही जायचं मॅडम."

"एकच वाक्य सांगायचंय हो तिला."

"सगळ्यांना एकच वाक्य सांगायचं असते."

मुली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सुरुवातीच्या रेघेमागे उभ्या होत्या. रश्मीने हाक मारली. ध्वनिक्षेपकावर कोणीतरी मान्यवरांची नावं वाचत होतं, त्यात तिचा आवाज दहा पावलंही गेला नसेल. वर्गात बोलायचा आवाज तो.

बायनाबाई मागून येऊन पोचल्या होत्या. "मॅडम, तिले काय सांगाचं हाये?"

"तिला सांगायचंय, की आपला दोर लांब झाला होता, त्यामुळे आपण मोजलेलं अंतर कमी आलं आणि खरं अंतर..."

"येवढं नाई होत!" बायनाबाईंनी तिला मध्येच तोडलं. "पळाचं कसं, थे सांगा."

"रोजच्यासारखं," रश्मी म्हणाली. "अगदी रोजच्यासारखं. पहिले दम राखायचा. मी मघा म्हणाले ते चूक होतं."

बायनाबाईंनी पदर खोचला. कठड्याशेजारच्या पायरीवर त्या चढल्या, दोन्ही तळहात तोंडाभोवती धरले आणि गोंडीत हाक दिली. मोहफुलं वेचायला रानात पांगलेल्या बायकांना एकमेकींचा पत्ता लागावा म्हणून देतात, तसली लांबवलेली हाक. मान्यवरांची नावं त्याखाली बुडाली. पुढची मागची माणसं वळून पाहू लागली. स्वयंसेवकही तोंड उघडं टाकून बघत राहिला.

पलीकडे रंजीताची मान वळली. बायनाबाई आणखी दोन वाक्यं बोलल्या, शेवटी 'मॅडम' हा एकच शब्द रश्मीला कळला. रंजीताने हात वर केला. मग खांदे झटकले आणि खाली सोडले.

"काय सांगितलं तुम्ही?"

"म्हनलं, रोजच्यासारखी पळ. मॅडमचं डोकं फिरलं होतं, आता ठिकान्यावर हाये."

पिस्तुलाचा बार झाला.

चामोर्शीची एक उंच मुलगी सुटली ती थेट सगळ्यांच्या पुढे. रंजीता सहावी होती. इथलीही फेरी दोनशे मीटरचीच होती; पहिल्या फेरीच्या अखेरीस ती पाचवी. रश्मीच्या मुठीतलं घड्याळ घामाने ओलं झालं होतं, पण ती घड्याळाकडे पाहत नव्हती. ती पोरीच्या पावलांकडे पाहत होती. रोजचीच पावलं होती ती, सारख्या अंतराने पडणारी. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. पुढच्या दोघी धापा टाकू लागल्या होत्या, त्यांची मानच सांगत होती. वळणावर रंजीताने एकीला मागे टाकलं, सरळ पट्ट्यावर दुसरीला. शेवटच्या पन्नास मीटरला ती तिसरी होती. पण तिचा शेवटचा जोर अजून लागलाच नव्हता.

तो लागला रेघ ओलांडताना. बाकीच्या मुली रेघेपाशी येऊन कोसळत होत्या, गुडघ्यांवर हात टेकत होत्या. रंजीता रेघेवरून सुटली ती वेगाने पुढच्या वळणाकडे. एक पंच झेंडी घेऊन तिच्या मागे धावला.

"अओ पोरी! झाली ना शर्यत! कुठी चालली?"

पंचवीसेक मीटरवर ती थांबली आणि गोंधळून सगळीकडे पाहू लागली.

रश्मी निकालाच्या टेबलापाशी, नागसेन सरांसमोर कशी पोचली, ते तिला आठवलं नाही. "नरोटे," ती म्हणाली. "रंजीता नरोटे, तिसरी."

सरांनी कागदावर बोट फिरवलं. "दोन चौतीस."

"चौतीस?"

"चौतीस, मॅडम. बसा. पानी द्या कोनी तरी मॅडमले."

ती खुर्चीवर नाही, गवतावरच बसली. रंजीता धापा टाकत आली, तोवर बायनाबाईंनी तिचं तोंड पदराने पुसायला घेतलं होतं.

"मॅडम, इथली फेरी लहान हाये का?" आईचे हात बाजूला करत रंजीताने विचारलं. "मले तं वाटलं आनखी राहिली."

"इथली बरोबर आहे. आपली मोठी होती. दोर ताणलेला होता, म्हणून तू रोज चोवीस मीटर जास्त पळत होतीस."

रंजीताने मनात काहीतरी जुळवलं. "म्हंजे चार महिने तुमी मले फुकटची पळवली!"

"हो," रश्मी म्हणाली आणि तिला हसू आवरेना. मग तिघीही हसल्या, आणि बायनाबाई सगळ्यात जास्त.

दुपारी यादीत नाव लागलं. रश्मीने दोनदा वाचलं आणि मग पोचूला फोन लावला. फोन लागायला वेळ लागला. वेळ सांगितली, यादी सांगितली, जूनमध्ये घ्यायला येतील ते सांगितलं. पलीकडून कोंबड्यांची कलकल ऐकू येत होती.

"भाऊ, ऐकताय ना?"

"हो मॅडम. तिथी पांघरून देते, का घरून आनाचं?"