कौसल्येच्या कानातलं हाड

साठ-एकसष्टची गोष्ट. कापसाच्या जिनात काम करणाऱ्या बाईच्या कानात काही अडकलं, की घाटंजीत एकच निदान: सरकी! जिनातल्याच कौसल्येला एका कानानं ऐकू येईना, तेव्हा तिच्या सासूनं तर पैजेवर सांगितलं आणि रोज कोमट तेल ओतून ओतून सुनेचा कान पार मुरवला. बाजारात कान कोरणाऱ्यानं चिमटा घातला, तो घसरला. "हे सरकी नोहे बाप्पा, गाठ हाय," म्हणून त्यानं हात झटकले.

झालं! गाठ म्हटल्यावर सगळ्या आळीनं कॅन्सर ठरवूनच टाकला. कौसल्येनंही. पण रडत बसणारी बाई नव्हती ती. नवऱ्याला, बाबारावला, समोर बसवून तिनं फर्मान काढलं, "मी गेल्यावर माह्या कोकिळेशीच लगन लावजा. माह्ये लेकरं मले सावत्र मायच्या हाती द्याचे नाहीत." तिची धाकटी बहीण कोकिळा रडून रडून हो म्हणाली. बाबारावनं मात्र बायकोला घेऊन सरळ यवतमाळची एसटी धरली.

दवाखान्यात डॉक्टर हिरासिंग होते, कानाचं शिकून नुकतेच आलेले. कपाळावरचा गोल आरसा डोळ्यावर ओढून त्यांनी कानात पाहिलं आणि बारीक सळईनं हळूच टोचलं. टक्! कौसल्येच्या डोक्यात घुमलं. पुन्हा टक्! रक्त नाही, पू नाही, वरची कातडी गुळगुळीत, आणि खाली बारीकसा देठ. डॉक्टर खुर्चीवरून ताडकन उठलेच.

"नर्सबाई, आधी हिच्या कानाचा फोटो काढा!"

एक्स-रेची ओली फिल्म खिडकीपाशी धरली आणि डॉक्टर नाचायचेच काय ते बाकी राहिले. "हाड आहे बाई, हाड! क्वचित एखाद्याच्या कानात वाढतं असं. मी नुसतं पुस्तकात वाचलं होतं हो!"

"अन् कॅन्सर?" कौसल्येनं विचारलं.

"छट्! कसला कॅन्सर? देठावर एक ठोका मारला की निघेल. ऐकूही येईल. चांगल्या म्हाताऱ्या व्हाल तुम्ही."

कौसल्या उठली ती पदरही न सावरता व्हरांड्यात धावली. बाबाराव बाकावर मान खाली घालून बसला होता. तिनं त्याला गदागदा हलवलं.

"उठा! कोकिळेले आजच सांगा, दुसरा नवरा पाह्य म्हनाव. हा माहा हाय!"

इतके दिवस टिपूस न गाळलेला बाबाराव भर दवाखान्यात, चार माणसांदेखत, ढसाढसा रडायला लागला.