रायफलीवरचं हेल्मेट

लढाई कशी असते, असं लोक विचारतात, पण त्यांना ऐकायचं असतं भलतंच. धूर, आरोळ्या, छातीवर गोळ्या. मला आठवतं ते गवत. कमरेएवढं वाळकं गवत, त्यातून टेकडी चढायची, आणि वर खंदकात बसलेले लोक आपल्याला निवांत न्याहाळताहेत. शेजारचा पडला की गवत त्याला गिळून टाकायचं.

म्हणून आमच्या कंपनीत एक रीत होती. पडलेल्याच्या रायफलीची संगीन जमिनीत खुपसायची आणि दस्ता वर करून ती उभी ठेवायची, म्हणजे मागून येणाऱ्या स्ट्रेचरवाल्यांना दिसे. नुसती रायफल असेल तर माणूस जिवंत आहे, धाव. दस्त्यावर हेल्मेट अडकवलेलं असेल तर गडी गेला, त्याला संध्याकाळी न्यायचं. स्ट्रेचर मोजके, पडणारे ढीगभर, दुसरा इलाज नव्हता. आणि चढणाऱ्याने कुणासाठी थांबायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

माझे भाऊ नव्हते, दाजी होते. माझ्या ताईचे यजमान. ते माझ्या उजव्या हाताला चढत होते, आणि दमल्यासारखे मटकन खाली बसले. मांडीत गोळी. माझे पाय अडखळले तसं त्यांनी हातानेच मला वर हाकललं आणि स्वतःच रायफल रोवली. मी पुढे गेलो.

वर पोचलो, खंदक घेतला. तिथलं मी सांगत नाही. सांगायचं नाही म्हणून सांगत नाही.

गोळीबार थंडावल्यावर खाली पाहिलं. दाजींची रायफल तिथेच होती आणि तिच्यावर हेल्मेट होतं. स्ट्रेचरवाले तिच्याजवळून न थांबता पुढे निघून गेले. रक्त वाहून दाजी गेले असणार, दुसरं काय. आता ताईला कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. कोणीतरी पाणी पुढे केलं, तर मी त्याच्यावरच खेकसलो.

ऊन चांगलं चढल्यावर पुन्हा नजर गेली. रायफल होती, हेल्मेट नव्हतं.

आमच्या तुकडीच्या प्रमुखाला आम्ही काका म्हणायचो. वाऱ्याने पडलं असेल, तो म्हणाला. गवताची काडी हलत नव्हती. ते मी त्याला दाखवलं, जरा आवाज चढवूनच दाखवलं. एरवी त्याने माझी चामडी लोळवली असती. त्या दिवशी म्हणाला, जा, पण वाकून जा.

दाजी पट्ट्याने मांडी आवळून पडले होते, हेल्मेट पोटावर. मला का कोण जाणे, रागच आला. हे वर कोणी ठेवलं म्हणून विचारलं.

"मीच," ते म्हणाले. "रक्त थांबेना. बाजूला कोणीतरी कण्हत होतं, त्याच्यात निदान धुगधुगी होती. म्हटलं, स्ट्रेचर माझ्यावर कशाला फुकट घालवायचं." मग माझं मनगट धरलं. "तुझ्या बहिणीला कळू देऊ नकोस."

मी शब्द दिला आणि त्यांना पाठीवर घेतलं.

पाय वाचला, गुडघा मात्र वाकेना. घरी आल्यावर त्यांनी रस्त्याकडच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. मागच्या खोलीत ताईचं शिवणयंत्र. स्ट्रेचरवाले दाजींना टाकून पुढे गेले, एवढं कंपनीतल्या कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. त्यावर आम्ही दोघे मूग गिळून बसलो. ताई मात्र त्या स्ट्रेचरवाल्यांचा उद्धार करायची. शिवताना सुई बोटात घुसली तरी शिव्या त्यांनाच.

एका दुपारी मी दुकानात बसलो असताना पैलवान आला. काडीसारखा माणूस, म्हणून नाव पैलवान. त्या दिवशी स्ट्रेचरचं एक टोक त्याच्या हातात होतं. दाजी जिवंत असल्याचं त्याला नुकतंच कळलं होतं आणि तो माफी मागायला आला होता. हेल्मेट बघून आपण पुढे गेलो, वाकून बघायला हवं होतं, असं तो खुर्चीच्या कडेवर बसून सांगत होता. ताई दारात उभी राहून ऐकत होती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. नाडी बघायला कितीसा वेळ लागतो, तिने विचारलं. तुमच्या घरचा कोणी असता तरी असेच पुढे गेला असतात का, विचारलं. पैलवान मान खाली घालून ऐकत राहिला. माझी जीभ नुसती वळवळत होती, पण शब्द दिलेला. मी दाजींकडे पाहिलं. ते कुणाच्या तरी उघड्या घड्याळात डोकं घालून बसले होते. मनात म्हटलं, अहो, बोला आता, त्या बिचाऱ्याचा जीव चाललाय.

दाजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"त्याला बोलू नकोस. ते हेल्मेट मी ठेवलं होतं. मला मेलेला समजून त्यांनी पुढे जावं म्हणून."

ताई तिथेच स्टुलावर बसली.

"मला न विचारता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मग काढलंत कशाला?"

आता इतकी चांगली संधी होती! कुठल्याही शहाण्या नवऱ्याला उत्तर सुचलं असतं. पण आमचे दाजी म्हणजे दाजी.

"तहान लागली," ते म्हणाले. "मेल्यावर कसली आलीय तहान? म्हटलं, म्हणजे अजून आहोत आपण. मग जगावंसं वाटलं."

"माझी आठवण आली, एवढं खोटंसुद्धा तुम्हाला बोलता येत नाही," ताई म्हणाली आणि रडायला लागली. आम्ही लढाईवर निघालो तेव्हा, नंतर दवाखान्यात, मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पैलवान जायला उठला. तिने डोळे न पुसताच त्याला बसायला सांगितलं, चहा टाकते म्हणाली आणि आत गेली. परत आली तेव्हा पैलवानासाठी चहा होता, मला काहीच नव्हतं, आणि दाजींसमोर तिने पाण्याचा ग्लास ठेवला. तो रिकामा होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग आत जाऊन आणखी एक भरून आणला.