नाकातल्या कडू पहारेकऱ्याची तक्रार

मी नाकातला एक जुना ग्राही, म्हणजे रिसेप्टर आहे. पेशीवर बसून कडू चव ओळखणं हे माझं काम. हसलात ना, मित्रांनो? चव म्हणजे जीभ, एवढंच तुम्हाला शिकवलेलं असतं. खरं तर माझे भाऊबंद फुप्फुसात आहेत, आतड्यातही आहेत. पण कौतुक सगळं जिभेचं. त्या जिभेचा मला फार हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो.

माझी मालकीण हेमलता अंबाजोगाईची. दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन यूपीएससीची तयारी करते. आई घरून कारल्याची चटणी पाठवते, ती जिभेला. माझ्या वाट्याला येतात जंतू. काही जंतू आपसात निरोप धाडायला रसायनं सोडतात, ती मला कडू लागतात. मग मी इशारा देतो. शेजारचे बारीक केस भराभर हलून घाण बाहेर ढकलतात आणि जंतूंना मारणारा वायू सुटतो. हे सगळं मुकाट्याने चालतं, म्हणून कुणाला कळत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात धूर फार होता. चष्म्यावर वाफ येते म्हणून हेमलता मास्क नाकाखाली ओढायची. म्हणजे जीभ पडद्याआड आणि मी उघड्यावर. मी मनोमन म्हणालो, एकदा या जिभेची चव जाऊ दे.

आणि गेली. धुराने ते केस मंदावले होते. मी ओरडत राहिलो, ते हलेनात. जंतू वाढले, नाक चोंदलं. वास नाही म्हटल्यावर जिभेला चटणी मातीसारखी लागू लागली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मुलाखत पाच दिवसांवर आली होती. खोलीतली मैत्रीण विनया तिला सरावाचे प्रश्न विचारत होती.

"हेमा, तुझं बोलणं नीट कळतच नाहीये यार," विनया म्हणाली.

"तीन वर्षं घातली गं यात," हेमलता म्हणाली आणि रडू लागली. कपाळ ठणकत होतं, तरी वही तिने खाली ठेवली नाही. माझा आनंद तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जीभ दिखाओ." तिथेही पहिला मान तिचाच. मग मात्र त्यांनी नाकात दिवा धरला आणि हेमलताला माझ्याविषयी सांगितलं. ज्यांचे हे ग्राही मंद असतात, त्यांना सायनसचा त्रास जास्त होतो म्हणाल्या. "इसे धुएँ से बचाओ. मास्क नाक के ऊपर." माझ्याबद्दल कुणी बोलताना मी प्रथमच ऐकलं.

औषधाने मुलाखतीच्या सकाळपर्यंत नाक मोकळं झालं. आईचा फोन आला.

"जिभेला चव आली का गं?"

"आली, आई."

श्रेय पुन्हा जिभेला. मी जळफळत बसलो. तेवढ्यात हेमलताने खिळ्यावरचा मास्क घेतला, नाकावर चढवला आणि वरची पट्टी दाबून बसवली. चष्म्यावर थोडी वाफ आली. तिने चष्मा पुसला, मास्क खाली ओढला नाही.

मित्रांनो, मास्क घालाल तेव्हा नाकावर घाला. जिभेला बाकी सगळं मिळतं, एवढं मला राहू द्या.