थेंब नकोत

एका फोटोत साठ फोटो असतात. भिंग केसभर पुढे, क्लिक, पुन्हा केसभर. मग साठही एकमेकांवर बसवून एक.

आईचा उजवा हात चालतो. डावा पांघरुणाखाली असतो.

फुलपाखराच्या पंखावर खवले असतात, कौलांसारखे एकावर एक.

लिंबाची कुंडी, खिडकीपासून दोन फरशा आत.

वहिनी म्हणते, "या घरात किड्यांची बडदास्त आणि माणसांना गार चहा."

क्रम लावून सांगते. चार महिन्यांपूर्वी आईचं अर्धं अंग गेलं. तेव्हापासून पलंगावरून तिला दोनच गोष्टी दिसतात, छत आणि कुंडी. कुंडीतल्या अळ्या तीच मोजायची. त्यांतल्या एकीने फांदीला स्वतःला बांधून घेतलं, कोष केला, तेव्हा आईने जाहीर केलं, "हे उडताना बघणार. तोवर मला काही होत नाही."

तिला एक कामही होतं. उशाशी फवाऱ्याची बाटली. दिवसातून चारदा कुंडीवर पाणी मारायचं. नेम बरा होता. वहिनी दोनदाच भिजली.

माझ्या फोटोंचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं. उघडत्या कोषासाठी एक अख्खी भिंत राखून ठेवली होती. कुंडीपाशी कॅमेरा लावला, कोषापासून चार बोटांवर दिवा. पहिल्या दिवसाचे सगळे फोटो वाया गेले. प्रत्येक थेंबात दिव्याचा ठिपका. शिवाय थेंब घरंगळला की साठ फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

"आई, पाणी मारू नकोस."

"सुकेल गं ते."

"कोषाला पाणी लागत नाही."

"कोषाने सांगितलं तुला?"

"आई!"

"बरं बाई. तू शिकलेली."

बाटली तिने उशीखाली सरकवली. दिवा सहा दिवस जळत होता.

शुक्रवारी सकाळी कोष चिरला. डोकं आलं, सोंड आली, पाय आले. पंख मात्र अर्धेच. कवच कागदासारखं वाळून पंखांच्या टोकांना घट्ट चिकटलं होतं.

"आलं का?" आईने विचारलं.

"येतंय."

पंधरा-वीस मिनिटांत पंख पसरले नाहीत तर घडी पडलेले तसेच कडक होतात. मला माहीत होतं. चिमट्याने सोडवायला जावं तर ओला पंख फाटतो, हेही माहीत होतं. भिंगातून त्याचा एकेक पाय दिसत होता, फांदीवर घसरणारा.

वहिनी चहा घेऊन आली ती दारातच थांबली. "अगं, अडकलंय ते! काढ ना."

"फाटेल."

"मग निदान फोटो तरी नको काढूस."

मी काढत नव्हते. कॅमेरा आपोआप क्लिक करत होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही.

"मारू का पाणी?" आईने बाटली काढली होती. ती मला विचारत होती.

"मार."

तिने मारलं. नेम चुकला, पुन्हा मारलं. जरा वेळाने कवच भिजून सुटलं. पंख तोवर तसेच वाळले होते. फुलपाखरू कुंडीतल्या मातीत पडलं.

"दे इकडे," आई म्हणाली.

तिच्या उजव्या हातात बाटली होती, म्हणून मी तिचा डावा हात पांघरुणाबाहेर काढला आणि ते त्या तळव्यावर ठेवलं. ते चालायला लागलं. आई बघत राहिली.

"पाय टोचतात का गं याचे?"



गॅलरीवाल्या बाईंनी त्याच सकाळचा फोटो निवडला. "या घड्या बघ. रेशीम! दर्शनी भिंतीवर हाच."

"ते व्यंग आहे. ते कधीच उडलं नाही."

"बघणाऱ्याला काय कळतंय?"

मी हो म्हणाले. सहा फुटांचा छापला. वहिनीने येऊन बघितला आणि पर्स घट्ट धरून पुढच्या फोटोकडे गेली. आईला दाखवला नाही. कुंडी अजून तिथेच आहे. आई छताकडे बघते.

कोष चिरण्याच्या दोन दिवस आधी, बुधवारी, मी आंघोळीला गेले असताना आईने एकदा पाणी मारलं होतं. थेंब आलेले अकरा फोटो मी खोडून टाकले आणि तिला रागावले.